शेजारधर्म सदनिकेतला

लातूर तालुक्यातील मुरुडचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला प्रथम समुद्राकाठचे मुरुड-जंजिरा आठवते. आपले मुरुड मात्र पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचे, माळवदांचे आणि वाड्यांचे गाव. अशा गावात शेजार हा मुद्दाम जोडावा लागत नसे. एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर जाता येई, विरजण मागायला कोणाला संकोच वाटत नसे आणि कोणाच्या घरी पाहुणा आला हे गल्लीला चहा उकळण्याआधी कळे. त्यात सोय होती तसा जाचही होता. पण भांडण झाले तरी चार वडीलधारी माणसे ओसरीवर बसून ते मिटवीत असत.

गेल्या तीन-चार दशकांत हे चित्र पालटले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, पुढे शिक्षणाच्या 'लातूर पॅटर्न'चा बोलबाला झाला आणि मुलांच्या अकरावी-बारावीसाठी शहरात सदनिका घेणे किंवा भाड्याने राहणे ही मुरुड, औसा, रेणापूर परिसरातील अनेक कुटुंबांची रीत झाली. आता तालुक्याच्या मोठ्या गावांतही तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. घर बदलले, पण एका छताखाली आठ-बारा बिऱ्हाडांनी कसे राहावे याचे शिक्षण कोणी दिले नाही. सदनिकेत आपली भिंत ही शेजाऱ्याचीही भिंत असते आणि आपली फरशी ही खालच्याचे छत असते. त्यातून उद्भवणारे प्रश्न, त्यामागचे नियम आणि ते सामोपचाराने सोडविण्याचे मार्ग यांचा हा परिचय.

शेजार कशासाठी?

मराठवाड्याला याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ रोजी मिळाले. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला, दगड-मातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. सरकारी मदत आणि सैन्याची पथके पोहोचण्यास वेळ लागणारच होता. तोवर ढिगारे उपसले ते वाचलेल्या घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी. शेजारच्या घरात कोण कुठे झोपते हे ज्याला ठाऊक असते, तोच अशा वेळी नेमक्या जागी हात घालू शकतो.

सदनिकांच्या इमारतीत ही माहिती आपोआप मिळत नाही. बंद दारामागे एकटी आजी राहते, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना हृदयविकार आहे, तिसऱ्या मजल्यावर परीक्षेसाठी आलेली तीन मुले आहेत, हे ठाऊक करून घ्यावे लागते. म्हणून इमारतीतील प्रत्येक घराचा एक व जवळच्या नातलगाचा एक असे दोन दूरध्वनी क्रमांक असलेली वही पदाधिकाऱ्यांकडे असावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घराची एक किल्ली त्यांच्या संमतीने विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. एवढ्या दोन गोष्टींनी अनेक अनर्थ टळतात.

संस्था, अपार्टमेंट की नुसती इमारत?

सामायिक घराची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही देशातील या चळवळीची पहिली पायरी मानली जाते. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी ती उभारण्यात पुढाकार घेतला. आज महाराष्ट्रातील सदनिकांच्या इमारती प्रामुख्याने दोन कायद्यांखाली येतात.

पहिला, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. या कायद्याखाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेत इमारतीची मालकी संस्थेकडे आणि सदनिका वापरण्याचा हक्क सभासदाकडे असतो. प्रत्येक सदनिकेला एक मत असते. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि किमान ५ जणांनाही संस्था नोंदविण्याची वाट मोकळी झाली. लहान गावांतील सहा-आठ सदनिकांच्या इमारतींना ही तरतूद विशेष उपयोगाची आहे.

दुसरा, महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७०. यात प्रत्येक जण आपल्या सदनिकेचा स्वतंत्र मालक असतो आणि जिना, गच्ची, जमीन अशा सामायिक जागांत त्याचा अविभाज्य हिस्सा असतो. सामायिक खर्चही त्या हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो.

प्रत्यक्षात मात्र कित्येक इमारतींत यांपैकी काहीच नसते. बिल्डर निघून जातो आणि जिन्यातला दिवा कोणी बदलायचा यावरही एकमत होत नाही. अशा ठिकाणी शेजाऱ्यांशी होणारी बहुतेक भांडणे ही स्वभावाची नसून व्यवस्था नसल्याची असतात. आपण राहतो ती इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे, हे प्रत्येक रहिवाशाने आधी पाहावे आणि नोंदणीच नसेल तर ती करून घेण्याचा आग्रह धरावा.

खर्चाची वाटणी

"आम्ही तळमजल्यावर राहतो, लिफ्टचे पैसे का द्यायचे?" हा नेहमीचा प्रश्न. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर स्पष्ट आहे. लिफ्ट असलेल्या इमारतीतील सर्व सभासदांनी, ती वापरोत वा न वापरोत, तिचा खर्च समान द्यावयाचा असतो. झाडलोट, पहारा, सामायिक वीज यांचे सेवाशुल्कही प्रत्येक सदनिकेला समान असते, मग ती एका खोलीची असो वा तीन. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के असा धरला जातो. पाणीपट्टी मात्र सदनिकेतील नळांच्या संख्येवर व आकारावर ठरते.

थकबाकी ठेवणारा सभासद आपले पैसे वाचवीत नसतो. त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यावर पडत असतो. थकबाकीवर संस्थेला व्याज लावता येते, त्याची कमाल मर्यादा आदर्श उपविधींत वार्षिक २१ टक्के आहे. घरात खरोखरच अडचण असेल तर समितीला लेखी कळवून हप्ते मागावेत. अशी विनंती सहसा डावलली जात नाही. न कळवता गप्प बसण्याने मात्र मने दुरावतात.

पाणी : मराठवाड्याची खरी कसोटी

पुण्या-मुंबईच्या इमारतींत भांडणे गाडी लावण्यावरून होतात. लातूरकडे ती पाण्यावरून होतात. मांजरा धरणावर अवलंबून असलेल्या लातूरला काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येणे ही वर्षानुवर्षांची सवय आहे. २०१६ मध्ये तर धरणाने तळ गाठला. पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा आदेश काढावा लागला आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात दाखल झाली. १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. त्या उन्हाळ्याने शिकविलेला धडा असा, की इमारतीतील टाकी ही सर्वांची सामायिक शिदोरी आहे.

एक साधा हिशेब पाहा. १२ सदनिकांच्या इमारतीत ३० हजार लिटरची जमिनीखालची टाकी आहे आणि नळाला सहा दिवसांनी पाणी येते असे समजू. प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला रोज सुमारे ४१६ लिटर येतात, म्हणजे चौघांच्या घरात माणशी जेमतेम १०० लिटर. एका घराने रोज १०० लिटर जादा वापरले तर सहा दिवसांत ६०० लिटर, म्हणजे दुसऱ्या एका घराचे जवळजवळ दीड दिवसाचे पाणी संपते. कोणाचे पाणी संपले हे त्या घराला कधीच कळत नाही, कारण टाकी एकच असते.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१. मुख्य जलवाहिनीला थेट विद्युत मोटार लावू नये. तिने पुढच्या घरांचा दाब कमी होतो. शिवाय ओढीमुळे वाहिनीच्या फटींतून गढूळ पाणी आत खेचले जाते आणि त्याची बाधा लावणाऱ्यालाही होते.

२. गच्चीवरच्या टाकीला चालू स्थितीतील तरंगता गोळा असावा आणि पंप सुरू-बंद करण्याची जबाबदारी नावानिशी ठरवावी. भरून वाहणारी टाकी हा टंचाईतला सर्वांत मोठा अपव्यय आहे.

३. टँकर मागविल्यास तारीख, लिटर, रक्कम आणि पाणी उतरवून घेणाऱ्याची सही यांची नोंद फलकावर लावावी. संशय आकड्यांनी फिटतो.

४. टँकरचा खर्च सदनिकेमागे घ्यावा की माणसांमागे, हा वाद टंचाई सुरू होण्यापूर्वी सभेत मिटवावा. शक्य असल्यास प्रत्येक सदनिकेला पाण्याचे मीटर बसवावे. वापर तसा खर्च, हा कोणालाही पटणारा न्याय आहे.

५. पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून फरशी पुसण्यास वा संडासासाठी वापरावे. ठिबकणाऱ्या नळाखाली एक रात्र बादली ठेवून पाहावी, म्हणजे वॉशर बदलण्याचा कंटाळा आपोआप जातो.

६. गच्चीवरचे पाणी अडवावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. २०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १ लाख ४० हजार लिटर पाणी पडते. त्यातले काही वाया गेले तरी एक लाखाहून अधिक लिटर विंधन विहिरीच्या पुनर्भरणास मिळू शकते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये साठते. त्यामुळे शेजारच्या इमारतीपेक्षा खोल बोअर घेण्याच्या शर्यतीत दोघांच्याही हाती कोरडा दगड लागण्याची शक्यता असते. दोन इमारतींनी मिळून पुनर्भरण करणे अधिक शहाणपणाचे.

गळती आणि ओल

वरच्या घरातले न्हाणीघर गळते आणि खालच्या घराच्या छताला पोपडे येतात. येथे जबाबदारीची विभागणी ठरलेली आहे. गच्ची, बाहेरील भिंती, सामायिक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या वाहिन्या यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. एखाद्या सदनिकेच्या आतील मोरी, संडास, नळ यांतून होणारी गळती त्या सदनिकाधारकाने स्वखर्चाने थांबवावयाची असते.

नियमापेक्षा सुरुवातीचे शब्द महत्त्वाचे ठरतात. "तुमच्यामुळे आमचे घर खराब झाले" असे जिन्यात सुनावण्याऐवजी "काकू, आमच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली आहे, सवडीने एकदा खाली येऊन पाहता का?" असे घरी बोलवावे. आपल्या डोळ्यांनी ओल पाहिलेला माणूस सहसा नकार देत नाही. वरच्या घरानेही "आमच्याकडे तर कोरडे आहे" म्हणून दार लावू नये. गळती जेथे उगम पावते तेथे ती बहुधा दिसतच नाही. दोन्ही घरांनी मिळून प्लंबरला बोलवावे आणि कारण निश्चित झाल्यावरच खर्चाचे बोलावे.

भिंत फोडण्यापूर्वी

घराची अंतर्गत रचना बदलण्याची हौस वाढली आहे. या हौसेत शेजाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. १९९३ पूर्वी लातूर परिसर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जाई. २००२ च्या भारतीय मानकातील नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात दाखविण्यात आला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत खाली मोकळे वाहनतळ असलेल्या अनेक इमारती कोसळल्या, हेही विसरता कामा नये. खांब किंवा तुळई तासणे, जडत्व पेलणारी भिंत काढणे, बाल्कनीवर जड बांधकाम चढविणे यांचा परिणाम वरखालच्या सर्व मजल्यांवर होतो. म्हणून संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला आणि संस्थेची परवानगी घेतल्याशिवाय असे काम हाती घेऊ नये. साध्या दुरुस्तीची सूचनाही फलकावर लावावी. किती दिवस चालेल, ठोकाठोकीची वेळ कोणती आणि राडारोडा केव्हा उचलला जाईल, या तीन गोष्टी तीत असाव्यात.

आवाज

ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या काळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सणासुदीसाठी राज्य शासन वर्षातील मोजक्या, जास्तीत जास्त १५ दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. इमारतीचा गणेशोत्सव करताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

बंद घरातले आवाज कोणत्याही यंत्राने मोजण्यापूर्वी शेजारी मोजत असतात. पहाटेचा मिक्सर, रात्री उशिरा ओढलेली खुर्ची, पाटा-वरवंटा, मोठ्या आवाजातील दूरदर्शन. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आणि खलबत्त्याखाली घडी घातलेले पोते, हे उपाय दहा-वीस रुपयांचे आहेत. दहावी-बारावी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षांच्या दिवसांत अख्ख्या इमारतीने तासाभराची जादा शांतता पाळली, तर ती मुले जन्मभर त्या घराची आठवण काढतील.

गाडी, गच्ची आणि जिना

वाहनतळाची जागा बिल्डरला सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात १९६३ च्या कायद्याच्या आधारे दिला. इमारतीखालची मोकळी खांबांची जागा ही सामायिक सोय आहे. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर सोडत किंवा वर्षाआड पाळी, हे न्याय्य मार्ग आहेत. पाहुण्यांच्या गाडीची आपण आधी कल्पना द्यावी आणि ती काढून घेण्याची तयारी ठेवावी.

गच्चीही सर्वांची. वरच्या मजल्यावरच्या घराने तिला कुलूप घालणे गैर आहे. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पापड, कुरडया, शेवयांचे वाळवण गच्चीवरच होते. वाळवणाचे दिवस फलकावर लिहून वाटून घेतले तर चार घरच्या बाया एकत्र बसतात आणि काम हलके होते. जिन्यात चपलांचे कपाट, सायकली, रिकामी खोकी ठेवू नयेत. आग लागल्यास किंवा आजाऱ्याला खाली न्यावयाचे झाल्यास तोच एकमेव मार्ग असतो. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा आणि बाल्कनीतून पाणी, केस, उष्टे काहीही खाली टाकू नये.

भाडेकरू, विद्यार्थी आणि मुके प्राणी

शिक्षणाच्या गावात भाडेकरू हा नकोसा पाहुणा नव्हे. तो गावाच्या चरितार्थाचा भाग आहे. सदनिका भाड्याने दिली म्हणून संस्थेने घ्यावयाचे जादा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. मालकाने करारनाम्याची प्रत संस्थेला व माहिती पोलिसांना द्यावी, भाडेकरूने पाण्याचे व शांततेचे नियम पाळावेत आणि इतरांनी त्याला "तुम्ही भाड्याचे" असे हिणवू नये. जात, धर्म, आहार पाहून घर नाकारणे हा शेजारधर्म नव्हे. सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारणे सहकाराच्या तत्त्वातही बसत नाही. मुरुडहून आलेल्या एखाद्या मुलाला ताप आल्यावर भाताची पेज पाठविणारी काकू त्या इमारतीत असेल, तर त्याच्या आईचा जीव गावाकडे शांत राहतो.

पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार संस्थेला नाही. मात्र लसीकरण, गळ्यातील पट्टा, विष्ठा उचलणे ही मालकाची कर्तव्ये आहेत आणि लहान मुलाला वा वृद्धाला भीती वाटत असेल तर लिफ्टमध्ये थोडे थांबण्यात कमीपणा नाही.

वाद झालाच तर

पायऱ्या क्रमाने चढाव्यात. प्रथम समक्ष बोलणे, तेही राग ओसरल्यावर. मग समितीकडे तारखेसह लेखी अर्ज व पोच. त्यानंतर सर्वसाधारण सभा. तेथेही मार्ग न निघाल्यास योग्य दार ठोठवावे. संस्थेचे दप्तर, सभासदत्व, कागदपत्रे यांबाबत उपनिबंधक. संस्था व सभासद यांच्यातील कारभारविषयक वादासाठी अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. दोन शेजाऱ्यांच्या खासगी हक्काचा वाद असल्यास दिवाणी न्यायालय. धमकी, मारहाण, रात्रीचा गोंगाट यांसाठी पोलीस. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष आढळल्यास, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पाबाबत महारेरा. चुकीच्या दारात गेलेल्या तक्रारीने वर्षे जातात आणि तोवर एकाच जिन्यातून दोन्ही घरांना वर-खाली करावे लागते.

समितीवर काम करणारे बहुधा विनामोबदला वेळ देणारे शेजारीच असतात, याचेही भान ठेवावे. वर्षातून एकदा तरी सभेला जावे, हिशेब वाचावा, प्रश्न विचारावा आणि एखादे काम अंगावर घ्यावे.

वाड्याच्या ओसरीवर जे काम वडीलधारी माणसे करीत, ते आता उपविधी, सूचना फलक आणि मासिक सभा यांना करावे लागते. ओसरी गेली तरी दार वाजवून "घरात सगळे बरे आहेत ना?" असे विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही. येत्या उन्हाळ्यात टाकीचा तळ दिसू लागेल, त्याआधी शेजारच्या घराची ओळख झालेली असावी.